एका मिरचीत किती भाकऱ्या

मिरची नेहमी शेंड्याकडून खायला घ्यावी. तिखटपणा सगळा वर, देठाजवळच्या पांढऱ्या शिरेत असतो. बियांना लोक उगीच बदनाम करतात; त्या शिरेला चिकटून बसतात एवढाच त्यांचा गुन्हा. शेंड्याकडचा इंचभर तुकडा कचकन चावायचा, चावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि मिरची अर्ध्यावर आली की एकदम काहीतरी महत्त्वाचं बोलायला लागायचं. बोलणं रंगलं की उरलेली अर्धी शेवग्याच्या चोथ्याखाली सारता येते. जेवणाच्या शेवटी ताक मागायचं, पण पचनासाठी म्हणून. पाण्याला हात लावायचा नाही, कारण मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. दुधातलं केसीन मात्र त्याला धरून घेऊन जातं. एवढ्या भांडवलावर मी महाडच्या कारखान्यातल्या सगळ्या पंगती मारून नेल्या. कँटीनमध्ये मला 'शिवथरचा तिखट माणूस' म्हणतात. हिशेब खात्यातल्या माणसाच्या वाट्याला एरवी कुठली आलीय ख्याती!

घरी ही विद्या चालत नाही. सौ. भिवापूरकडची. तिकडच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिकडच्या माणसांना तिखटाबद्दल बोलायची सवय नाही. ती मिरची देठाकडून खाते, हातात वाचायला काहीतरी असतं, आणि मिरची संपली की दुसरी घेते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या ताटाच्या कडेची सालं चमच्याने बाजूला केली, खाली बघितलं, आणि सालं परत होती तशी ठेवली. त्यावर आमच्यात आजतागायत एक शब्द झालेला नाही. संसार टिकतात ते असे.

तर अशा माणसाला, ख्याती वाढवायची म्हटल्यावर, खाण्याचा मार्ग बंद होता. उरला लावण्याचा. लावणाऱ्याला कोणी खायला लावत नाही. आंबेवाला रोज आंबा खाऊन दाखवतो का?

त्यातून जागा शिवथरची. आमच्या घरापासून घळ फार लांब नाही. समर्थांनी इथे बसून दासबोध सांगितला, कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, शके १५७६ हा त्याचा मानलेला काळ. मग जागा विसरली गेली, आणि १९३० साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती पुन्हा शोधून काढली. अशा मातीत आपणही काहीतरी चिरंतन करावं असं मला अधूनमधून वाटतं. पावसात धबधब्याखाली फोटो काढायला येणाऱ्यांनाही तसंच वाटत असावं. कृषी खात्यातल्या ओळखीच्या एकाने दापोली विद्यापीठाची 'कोकण कीर्ती' लाव म्हणून सुचवलं. चांगलं वाण आहे, इथल्या हवेला मानवतं, भरघोस लागतं. पण शहाण्यासारखं वाण लावून कोणाचं नाव झालंय?

मी लावली भूत जोलोकिया. कारखान्यात जोरहाटचा एक सहकारी आहे, त्याने सुट्टीवरून येताना कागदाच्या पुडीत वाळकी फळं आणून दिली, आणि देताना आधी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं की घरात लहान मूल नाही. २००७ साली गिनेस बुकाने जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद केली: दहा लाखांवर स्कोव्हिल. मेक्सिकोची नावाजलेली हालापेन्यो आठ हजारांच्या पुढे सहसा जात नाही. आता तिचा नंबर खाली गेलाय. अमेरिकेत एड करी नावाचा गृहस्थ हाच उद्योग करतो. त्याच्या कॅरोलिना रीपरने २०१३ साली विक्रम केला, आणि २०२३ मध्ये त्याने स्वतःच्याच पेपर एक्सने तो मोडला. पण भूत जोलोकियाची शान वेगळी. आसामात शेताच्या कडेने दोऱ्यांना तिचा लेप लावून हत्ती थोपवतात. २०१० साली आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने तिचे हातगोळे करायचं ठरवलं. हत्ती आणि दंगलखोर यांच्यासाठी जे योजलेलं आहे ते मी पडवीत पिशव्यांमधून लावणार होतो.

शेजारचे गुरुजी रोज एक समास वाचतात. मी पडवीत कोकोपीट कालवताना ते कुंपणाशी उभे राहिले, सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि म्हणाले, "दुसऱ्या दशकात बसतंय. पहिला समास की दहावा, एवढंच ठरवायचं राहिलं." ज्यांनी दासबोध उघडलेला नाही त्यांच्यासाठी: पहिला मूर्खाच्या लक्षणांचा आहे, दहावा पढतमूर्खाच्या. मी त्यांना दहावा धरा म्हणून सांगितलं. शिक्षणावर आईबापांनी खर्च केलाय.

लागवडीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मी फारसं काही केलं नाही. या जातीचं बी उगवायला तीन-तीन आठवडे घेतं. एवढ्या वेळात इथे भाताचा राब हिरवागार होऊन लावणीला येतो. आमच्या पावसात मिरचीचं मूळ दोन दिवसांत कुजतं, म्हणून पिशव्या पागोळ्यांपासून लांब, पडवीच्या आतल्या कडेला ठेवल्या आणि झाडं ऊन पडेल तसतशी सरकवली. मध्येच बोकड्या आला. पानं वरच्या बाजूला आखडून द्रोणासारखी झाली, तेव्हा निंबोळी अर्क मारला. पाऊस गेल्यावर पाच झाडं मागीलदारी लावली. आणि सांगायला संकोच वाटतो, पण झाडं उत्तम आली. कमरेएवढी वाढली, थंडीत फुलली, आणि माघात लालभडक, सुरकुतलेल्या, खडबडीत मिरच्यांनी अशी लदबदली की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा.

बघायचा आणि पुढे जायचा. इथे माझ्या हिशेबात एक रकाना राहून गेला होता. आंबा पिकला की माणूस गावभर वाटतो. फणस पिकला की माणसं न सांगता येतात. जगातली एकेकाळची सर्वांत तिखट मिरची पिकली तर तिचं काय करायचं, याची कुठल्याच गावात रीत नाही. मी परातीत भरून दारोदार गेलो. लोक आदराने एकेक उचलत, उजेडात धरत, वास घेत आणि परत परातीत ठेवत. एका घरी दारावरच्या लिंबाखाली बांधायला म्हणून एक घेतली. कारखान्यात नेल्या तर कँटीनवाल्याने, एरवी तो मला वाढून वाढून देतो, हात जोडले. आणि कोणीतरी मागून ओरडलं, "साहेब, आधी तुम्ही!" त्या दिवशी मला नेमका उपास निघाला.

खाणारे मिळाले ते बुलबुल.

या पक्ष्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, वाचकाची हरकत असली तरी. मागीलदारी दोन जाती येतात: एक लालबुड्या, अंगाने मळकट, शेपटीखाली लाल, दुसरा शिपाई, डोक्यावर टोकदार तुरा, गालावर लाल ठिपका, आणि चालचलन नावाला शोभणारं. पहिल्या दिवशी शिपाई आला. फांदीवर बसला, मान तिरकी करून एक मिरची निवडली. मी खिडकीआड श्वास धरून उभा. मनात म्हटलं, आता बघ. त्याने चोच मारली, देठाकडून बरं का, साल फाडली, आतली पांढरी शीर बियांसकट ओढून काढली आणि गिळली. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही, पंखसुद्धा फडफडवला नाही. चोच फांदीला इकडून तिकडून पुसली, आणि दुसरी घेतली. म्हणजे सौ.सारखंच, फक्त हातात वाचायला काही नव्हतं.

याचं शास्त्र मी नंतर वाचलं, आणि अपमान अधिक पक्का झाला. डेव्हिड ज्युलियस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ साली, मिरची आपल्या मज्जातंतूंवरच्या नेमक्या कुठल्या दाराला धडकते ते शोधून काढलं. तेच दार खऱ्या उष्णतेलाही उघडतं, म्हणून मेंदूला वाटतं तोंड भाजलं. भाजलेलं काहीच नसतं. या कामासाठी २०२१ सालचं नोबेल त्याला दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून मिळालं. पक्ष्यांनाही ते दार आहे, पण मिरचीला ते उघडत नाही. मिरचीने ही तजवीज करून ठेवलीय. सस्तन प्राणी बिया दाढेखाली भरडून टाकतात. पक्षी अख्ख्या गिळतात आणि लांब कुठेतरी खतासकट टाकतात. म्हणजे लाखो वर्षांत मिरचीने जो काही जाळ जमवला तो आपल्यासारख्यांना हाकलायला. तिचे खरे पाहुणे कोण ते ठरलेलं आहे, आणि मी त्यांच्या पंगतीत घुसून, शेंड्याकडून खाऊन, शौर्यपदक मागत होतो. मी झाडांवर जुनी साडी टाकली, तेव्हा तो शिपाई कुंपणावर बसून इतका वेळ बडबडला की शेवटी सौ.नेच साडी काढली. "ज्याला खाता येतं त्याला खाऊ द्या," म्हणाली. टोमणा होता. मी ओळखला नाही असं दाखवलं.

आता काकी. वय पंचाऐंशीच्या आसपास. जन्मतारीख विचारली तर "कोयनेच्या भूकंपाच्या टायमाला तुझा थोरला चुलतभाऊ रांगत होता" असं सांगते, पुढचा हिशेब आपण करायचा. मी मिरच्यांची परात तिच्यापुढे ठेवली.

"ह्या कसल्या रं?"

"भुताच्या."

"मंग देवाच्या कुठं हायत?" असं म्हणून तिने एक उचलली, नखाने चिरली, नख जिभेच्या टोकाला लावलं आणि डोळे मिटून थोडा वेळ बसली. मी ताक आणायला उठलो होतो. ती म्हणाली, "बस खाली. एकीत किती भाकऱ्या जातील?"

मी तिला दहा लाखांचा आकडा सांगितला. तिने तो ऐकला न ऐकलासा केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला हसू आलं. मग रात्री अंथरुणात पडल्यावर ते थांबलं. कारण हा दहा लाखांचा आकडा तरी येतो कुठून? १९१२ साली अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने पद्धत काढली: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखायला पाच जण बसवायचे, आणि जिभेला तिखट लागेनासं होईपर्यंत पाणी वाढवत राहायचं. जितक्या पट पाणी लागेल तितका आकडा. पुढे ते काम यंत्राकडे गेलं, पण एकक त्याच्याच नावाचं राहिलं. काकी तेच विचारत होती. त्याने पाणी घेतलं होतं, तिने भाकरी. त्याला मिरची कुठे संपते ते हवं होतं. तिला मिरची कुठपर्यंत पुरते ते हवं होतं.

आणि ती हे मोजायला कुठे शिकली तेही मला माहीत होतं, कारण तेव्हा पाचांतला एक मी होतो. बाबा आणि काका दोघेही परळच्या एकाच गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनीऑर्डर यायची थांबली. पोस्टमन आमच्या घरावरून जाताना सायकल जोरात मारायचा. त्यालाही लाज वाटत असावी. घरात आई, काकी आणि आम्ही पाच पोरं. नाचणी होती. डाळ नव्हती. तेल दिव्यापुरतं. मागीलदारी न्हाणीच्या पाण्यावर लवंगीचं एक झाड होतं, त्यातल्या सगळ्यांत जहाल मिरच्या काकी निवडून काढायची आणि पाट्यावर खडेमिठाबरोबर वाटायची. बोटाच्या टोकावर येईल एवढा गोळा प्रत्येकाच्या भाकरीवर. इतका जाळ की पोर घाबरून भाकरीचा मोठा तुकडा मोडायचं आणि मिरचीला नुसतं टेकवायचं. भाकरी संपायची, गोळा शिल्लक राहायचा. तो पुसून परत वाटीत. कमी तिखट मिरची असती तर जास्त लागली असती, हा साधा हिशेब होता. लावणीला जाताना आई आणि काकी एकच मिरची न्यायच्या, आणि संध्याकाळी देठाकडची अर्धी पदराच्या गाठीत परत यायची.

"आमच्या घरात पाळण्यातल्या पोराला ठेचा लागतो," असं मी कँटीनमध्ये कितीतरी वेळा सांगितलंय. टाळ्या घेतल्यात त्यावर.

हमरस्त्यावर हल्ली पाट्या लागल्यात: ठेचा-भाकरी, मावळ्यांचं जेवण. पितळी ताट, बाजूला कांदा फोडून, वर कोथिंबीर. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून आली, आणि जावळीच्या या डोंगरात १६५६ साली मोऱ्यांशी लढताना कोणाच्या शिदोरीत काय होतं ते बघायला पाटीवाला आला नव्हता. पण त्यावर मी भांडत नाही, धंदा आहे, करू दे. चवीने खाणाऱ्यांशीही भांडण नाही, ठेचा असतोच चवीचा. पण खाऊन तृप्त झालेला एखादा जेव्हा ढेकर देऊन म्हणतो, "काय सुखी माणसं होती हो, मिरची-भाकरी आणि शांत झोप!" तेव्हा माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबतात त्या कुठल्याच यंत्रावर मोजता यायच्या नाहीत. झोप शांत नव्हती. मी त्याच घोंगडीखाली होतो, मला माहीत आहे. आई रात्री उठून पाणी प्यायची, आणि मग परत उठून पाणी प्यायची.

काकीला हे सगळं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "त्यात काय? संप सगळ्यांचाच झाला." आणि परात उचलून आत घेऊन गेली. माझ्या मिरच्यांचं तिच्या डोक्यात केव्हाच ठरलं होतं.

चैत्रात अंगणात मसाल्याच्या मिरच्या पडल्या. दरवर्षीचं माप ठरलेलं आहे: रंगाला ब्याडगी, झटक्याला संकेश्वरी, आणि वर लवंगी. यंदा तिने लवंगी आणायची नाही म्हणून सांगितलं. त्या जागी माझी भुतं वाळत टाकली, आणि किती घ्यायची ते हाताला खोबरेल चोपडून, एकेक मोजून ठरवलं. मी सुचवलेल्या आकडेमोडीकडे तिने लक्ष दिलं नाही. बिरवाडीच्या कांडपावर मीच घेऊन गेलो. पहिल्या दोन-चार घावांनी काही झालं नाही. मग कांडपवाला शिंकला. मग रांगेतल्या बाया एकामागून एक. मग समोरच्या चहाच्या टपरीवरची गिऱ्हाइकं. कांडपवाला तोंडाला पंचा बांधून बाहेर आला, लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाला, "काय आणलंय काय?" मी म्हटलं, "घरचीच आहे." आयुष्यात पहिल्यांदा या विषयावर मी खरं बोललो होतो, आणि रांगेत कोणीच कौतुकाने बघितलं नाही. एका बाईने तर मला पुढच्या वर्षी सगळ्यांत शेवटी नंबर लावायला सांगितलं.

लवंगीचे पैसे वाचले, ते काकीने कनवटीला लावले. मसाला डोंबिवलीला चुलतभावाकडे गेला, नेहमीप्रमाणे. आठवड्याभराने त्याचा फोन. मी सावध होतो. कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं असेल तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण तो भलताच खुशीत. म्हणे, चिमूटभर घातला तरी कालवण दणदणीत होतं, डबा सहा महिने जाईल. सोसायटीत तीन घरी चवीला दिला, आता सगळी बिल्डिंग मागे लागलीय. पुढच्या वर्षी वीस किलो करा, तो विकून देतो. भुताची झाडं पाच पुरणार नाहीत, पंचवीस लावायला सांग.

"कोणाला सांगू?" मी म्हटलं. "मीच लावतो."

"हो का? काकी म्हणाली बुलबुलांची आहेत म्हणून."

पाकिटावर काय छापायचं तेही त्याने ठरवून टाकलं होतं: 'शिवथरच्या काकींचा मसाला'. वर घळीच्या धबधब्याचा फोटो, खाली काकीचा, नऊवारीतला. मी जरा खाकरून विचारलं की यात लागवड करणाऱ्याचं नाव कुठे बसतंय का.

"बसतं की," तो म्हणाला. "पार्सलं तूच टाकणार ना? पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावाच लागतो."